समुद्राचं वेळापत्रक

दोस्तांनो, आज एका सोप्या प्रश्नापासून सुरुवात करू या. नाशिकपासून समुद्र किती लांब आहे?

नकाशा काढा आणि पट्टी ठेवून बघा. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटरवर आहे. आता त्याच ब्रह्मगिरीवर जन्मलेली आपली गोदावरी बघा. इतक्या जवळच्या समुद्राकडे तिने चक्क पाठ फिरवली आहे! ती पूर्वेला वळते, मराठवाडा आणि तेलंगण ओलांडते आणि १४६५ किलोमीटर चालून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. वेडी आहे की काय ही नदी? मुळीच नाही. पाणी उताराकडे जातं, आणि आपल्या पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा भिंतीसारखा उभा आहे.

पण त्र्यंबकच्याच डोंगरांत आणखी एक नदी उगम पावते, वैतरणा. ती मात्र पश्चिमेला उडी घेते आणि अरबी समुद्र गाठते. वाटेत तिला धरणांनी अडवलं आहे आणि तेच पाणी मुंबईच्या नळाला येतं. म्हणजे आपल्या जिल्ह्यात पडलेला पाऊस मुंबईची मुलं पितात, बरं का! तेव्हा नाशिककराला समुद्रावर जायचं असेल, तर गोदावरीची वाट सोडून वैतरणेची दिशा धरायला हवी.

गेल्या माघात आम्ही चौघं अशीच निघालो. मी, माझा भाऊ, सातवीत शिकणारी भाची आणि आमची आई. आईचं वय सत्तरीच्या पुढे. समुद्र तिने मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून पाहिलेला होता, पण त्यात पाय कधी बुडवले नव्हते. म्हणून आम्ही गर्दीचा किनारा नको असं ठरवलं आणि अलिबागजवळचं आक्षी हे छोटंसं गाव निवडलं. मोटारीने थेट जाता येतं, पण भाचीची अट होती की थोडा प्रवास रेल्वेने आणि थोडा बोटीने झालाच पाहिजे. अट मला एकदम पसंत!

सकाळची गाडी नाशिकरोडहून निघाली की तासाभरात इगतपुरी येते. इथे खिडकीची जागा सोडायची नाही. समुद्रसपाटीपासून सहाशेएक मीटर उंचीवर असलेली गाडी पुढच्या पंधराएक किलोमीटरमध्ये त्याच्या निम्म्या उंचीवर, कसाऱ्याला उतरते. हा थळघाट. रेल्वे इथून १८६५ साली सुरू झाली. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की गाडी १ फूट वर चढते. ऐकायला काही विशेष वाटत नाही ना? पण रेल्वेच्या गुळगुळीत रुळांवर हा चढ भयंकर असतो. म्हणून मुंबईहून नाशिकला येताना कसाऱ्याला बहुतेक गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. आपण उतरणार, त्यामुळे आपली काळजी ब्रेकची! बोगद्यात शिरलो की सगळा डबा ओरडतो. आई म्हणाली, तिच्या लहानपणीही ओरडायचा.

कसारा गेलं की हवा बदलते. अंगातला स्वेटर काढावा लागतो. इमारती सुरू होतात आणि मग मुंबई येते. मुंबईबद्दल मी काही लिहीत नाही. ती तुम्हाला माहीत आहे आणि आम्हाला तिथे थांबायचंही नव्हतं.

मुंबईहून अलिबागकडे जायला रस्ता आहे. तो पनवेल-पेणवरून खाडीला भलामोठा वळसा घालून जातो, शंभरएक किलोमीटर. पण समुद्रातून गेलात तर गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्याला तासाभरात पोचता. मांडव्याला उतरल्यावर अलिबागपर्यंतची बस बहुतेक बोटींच्या तिकिटातच असते. भाऊच्या धक्क्यावरून मोटारी पोटात घेऊन जाणारी मोठी रो-रो बोटही मार्च २०२० पासून सुरू झाली आहे. हा ‘भाऊ’ कोण, असं भाचीने विचारलं. ज्यांनी एकोणिसाव्या शतकात मुंबईत धक्का बांधला, त्या भाऊ अजिंक्य यांचं नाव त्याला पडलं ते आजतागायत.

आम्ही गेटवेहून निघालो. बोट सुटली की कुरव पक्षी मागे लागतात. पांढरे, राखाडी पंखांचे, अगदी हाताच्या अंतरावर येऊन तरंगतात. हे हिवाळ्याचे पाहुणे. यांतले काही तर लडाख-तिबेटच्या तळ्यांवरून आलेले असतात. लोक त्यांना कुरकुरे आणि वेफर्स खायला घालतात. घालू नका. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला पुडीतलं खारट तळण कशाला? समुद्रात त्याचं जेवण वाढलेलं आहे.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? गेटवे ते मांडवा या बोटी पावसाळ्यात बंद असतात. जून ते ऑगस्ट चक्क सुट्टी! रो-रो मोठी असल्यामुळे हवामान बरं असेल तेव्हा चालते, पण लहान बोटी नाहीत. भाची म्हणाली, “आत्या, पाऊस पडतो म्हणून काय बोट बंद? छत आहे की वर!” तिला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. ही गोष्ट दुःखाची आहे, पण या पाण्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत हवी.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. सकाळी आठच्या सुमाराला ‘रामदास’ नावाची बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. रेवस म्हणजे मांडव्याच्या शेजारचंच बंदर. आषाढी अमावास्येचा सण होता. मुंबईत नोकरीला असलेली कुलाबा जिल्ह्यातली माणसं (आजच्या रायगडचं नाव तेव्हा कुलाबा होतं) सणाला घरी निघाली होती. बोट भरलेली होती. हवा वाईट होती, वारा आणि पाऊस दोन्ही होते, आणि अमावास्येच्या सुमाराला समुद्राला उधाण असतंच. वाटेत काशाच्या खडकाजवळ बोटीवर मोठी लाट आदळली आणि बोट एका अंगाला कलली. पाणी आत आलं. घाबरलेली माणसं एका बाजूने दुसऱ्या बाजूला धावली. आणि बोट उलटली.

सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं. त्यामुळे मुंबईला बराच वेळ पत्ताच नव्हता. दुपारी काही प्रवासी पोहत काठाला लागले, तेव्हा बातमी कळली. जी माणसं वाचली त्यांतल्या कित्येकांना रेवसकडच्या कोळ्यांनी वाचवलं. मासळी घेऊन मुंबईला विकायला निघालेल्या या कोळ्यांनी मासळी समुद्रात टाकून दिली आणि तिच्या जागी माणसं घेतली, असं सांगतात. एका दिवसाची नव्हे, कितीतरी दिवसांची कमाई असेल ती. अलिबागकडच्या गावांत अजूनही कुणाच्या पणजोबांचं, कुणाच्या आजीच्या भावाचं नाव ‘रामदास’बरोबर निघतं.

माणसं एका बाजूला धावल्याने एवढी मोठी बोट कशी काय उलटेल? करून बघा. बादलीत पाणी घ्या. त्यावर एक हलकी स्टीलची ताटली तरंगवा. ताटलीत मूठभर हरभरे सगळीकडे सारखे पसरा. ताटली तरंगते. आता बोटाने ताटलीची एक कड किंचित दाबा. हरभरे घरंगळत त्या बाजूला जातात, ती कड आणखी खाली जाते, मग उरलेले हरभरेही जातात आणि बुडूक! पहिला धक्का तुम्ही दिलात, पण ताटली बुडवली ती हरभऱ्यांनी. म्हणून बोटीत लाट आली, कुणी ओरडलं, डॉल्फिन दिसला, काहीही झालं तरी जागेवर बसायचं. आणि लाइफ जॅकेट दिलं असेल तर अंगात घालायचं, उशाला घ्यायचं नाही. आमच्या बोटीत दोन काका त्याची उशी करून घोरत होते!

बोलता बोलता डावीकडे डोंगर जवळ आले, उजवीकडे लांब दोन बेटं दिसायला लागली. खांदेरी आणि उंदेरी. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ साली किल्ला बांधायला घेतला. मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांच्या नाकासमोर! इंग्रजांनी आरमार पाठवलं, लढाया झाल्या, पण किल्ला उभा राहिला. मग सिद्दीने चिडून शेजारच्या उंदेरीवर तटबंदी केली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यांत खांदेरी आहे. आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातला साल्हेरही आहे, हे विसरू नका.

दुपारी दोनच्या सुमाराला आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर उभे होतो. समोर पाण्यात कुलाबा किल्ला. भाचीने पुस्तकात वाचलं होतं की या किल्ल्यात चालत जाता येतं. इथे तर सगळीकडे पाणी! ती माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच पाणी ओतलं होतं.

किनाऱ्यावर घोडागाडीवाले एक काका उभे होते. त्यांनी विचारलं, “आज तिथी कोणती?”

आई पटकन म्हणाली, “चतुर्थी. माझी संकष्टी आहे.”

“मग झालं तर. चार त्रिक बारा, बाराचे चौथे हिस्से तीन. तीनला भरती पुरी. उद्या सकाळी या.”

हे काय गणित? मीही कान टवकारले. इतकी वर्षं मुलांना पाढे शिकवते, पण पाढ्यांचा हा उपयोग मला नवा होता. काकांनी समजावून सांगितलं ते असं. आजची तिथी घ्यायची. तिला तीनने गुणायचं आणि चाराने भागायचं, म्हणजे तिथीची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल, त्या वाजता भरती पूर्ण होते, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थीला ३ वाजता, पंचमीला पावणेचारला, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५ धरायची, उत्तर सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीच्या सहा तास पुढे किंवा मागे ओहोटी, तिला इकडे सुकतीही म्हणतात. हा हिशेब मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा आहे, आणि त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचाच. आपल्याकडे पंचांग किंवा भिंतीवरचं कॅलेंडर उपास-तापासाला लागतं. इथे त्याच्यावर होड्या चालतात!

तिथीचा आणि समुद्राचा काय संबंध? संबंध चंद्राचा आहे. चंद्र पृथ्वीवरचं पाणी ओढतो, त्यामुळे समुद्राला फुगवटा येतो. पृथ्वी फिरते तसा आपला किनारा त्या फुगवट्याखाली येतो आणि जातो. फुगवटे दोन, एक चंद्राच्या बाजूला आणि एक बरोबर विरुद्ध बाजूला, म्हणून दिवसातून दोनदा भरती. पण आपण एक फेरी पुरी करेपर्यंत चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटं लागतात, म्हणून भरतीही रोज तेवढी उशिरा येते. आता तुमच्या घरातली संकष्टी आठवा. पौर्णिमेला चंद्र संध्याकाळीच उगवतो, आणि चारच दिवसांनी संकष्टीला आजीला जेवायला रात्रीचे साडेनऊ-दहा का वाजतात? तेच ते रोजचे पाऊण-पाऊण तास साठलेले!

आपल्याला नाशिकला पाण्याची सवय वेगळी. गोदेला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीकडे बघतो. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून पूर मोजतो. ते पाणी पावसाचं आणि धरणातून सोडलेलं. ते येणार असलं की भोंगा वाजतो, गाडी फिरते, लोकांना सावध करतात. समुद्राचं पाणी मात्र पाऊस नसताना, वारा नसताना, स्वच्छ ऊन पडलेलं असताना, कुणालाही न सांगता रोज दोनदा वर येतं. मोठ्या उधाणाला मुंबईजवळ ते साडेचार मीटरच्याही वर चढतं, म्हणजे दीड मजला! भोंगा नाही, गाडी नाही. त्याने वेळापत्रक आधीच देऊन ठेवलं आहे, वाचायचं आपण.

दुसऱ्या दिवशी पंचमी. भरती पावणेचारला, तर सुकती पावणेदहाच्या सुमाराला. सकाळी साडेआठला गेलो, तर काय सांगू! काल जिथे बोटी हलत होत्या तिथे ओली वाळू आणि खडक. आई घोडागाडीत, आम्ही तिघं चप्पल हातात घेऊन चालत. मध्ये घोट्याएवढं पाणी लागलं तेवढंच. आईने गाडी थांबवायला लावली, खाली उतरली आणि त्या पाण्यात बराच वेळ नुसती उभी राहिली. आम्ही काही बोललो नाही.

कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पूर्ण झाला. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं. तटाचे दगड नीट बघा. प्रचंड मोठे दगड एकावर एक नुसते रचले आहेत, फटींत चुना भरलेला नाही. आळस केला का? नाही. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. फटी बुजवल्या असत्या तर सगळा मार भिंतीने खाल्ला असता. आत गणपतीचं देऊळ आहे. आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे. भाचीने पाणी चाखून खात्री करून घेतली.

काकांनी सांगून ठेवलं होतं, “अकराला म्हणजे अकराला परत फिरायचं.” अकराला पाच मिनिटं असताना ते दारात हजर. आत वीसएक मुलं-मुली फोटो काढत होती. काकांनी त्यांनाही हाका मारल्या. त्यांतला एक म्हणाला, “अजून तर सगळं कोरडं आहे की!” काका म्हणाले, “दादा, पाणी समोरून येत नाही. मधली वाट खोलगट आहे. तुम्ही बघाल तेव्हा इकडे कोरडं असेल आणि मध्ये कंबरभर झालेलं असेल.” ती मुलं आमच्यामागे निघाली. मधल्या वाटेवर, सकाळी घोटा बुडला होता तिथे, आता पोटरी बुडत होती. कोरडं दिसलं म्हणून अजून तासभर थांबलं, तर पुढची सुकती येईपर्यंत किल्ल्यातच बसावं लागतं. ते तरी बरं. वाईट म्हणजे घाईने पाण्यात उतरणं.

इथे एक तारीख सांगते. १ फेब्रुवारी २०१६. याच रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. कॉलेजात शिकणारी, तुमच्या ताई-दादांच्या वयाची मुलं. पौषाचे दिवस, पाऊस नाही, वादळ नाही. समुद्रात पोहणं आणि तलावात पोहणं यांत फार फरक असतो, दोस्तांनो. उतरणारं पाणी पायाखालची वाळू काढून घेतं आणि माणसाला आत ओढतं. म्हणून आमच्या घरी नियम केला. पाणी चढतं आहे की उतरतं आहे हे स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही, आणि गुडघ्याच्या वर पाणी नाही. नियम भाऊला जाचक वाटला. वाटू दे!

आता आक्षीला जाऊ. अलिबागपासून पाच-सहा किलोमीटर, खाडीवरचा पूल ओलांडला की आलंच. नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून बोळासारखा रस्ता, मग सुरूचं बन, आणि बनातून बाहेर पडलं की एकदम मोकळा किनारा. आम्ही गेलो तो मधला वार होता. वाळूवर आम्ही चौघं, जाळं विणत बसलेले दोन आजोबा आणि पाण्याच्या कडेला तुरुतुरु धावणारे चिखले पक्षी. बस्स. शांतता म्हणजे आवाज नसणं, अशी माझी समजूत होती. इथे लाटेचा आवाज क्षणभर थांबत नाही, तरी शांत वाटतं. असं का, ते मला नीट सांगता येत नाही.

पाणी उतरायला लागलं तसे वाळूवर हजारो बारीक गोळे दिसू लागले. मोहरीएवढे, ज्वारीएवढे, आणि एका भोकाभोवती नक्षी काढल्यासारखे. भाची पालथी झोपून बघत राहिली. हे काम नखाएवढ्या खेकड्याचं! पाणी ओसरलं की तो बिळातून बाहेर येतो, ओली वाळू तोंडात घालतो, तिच्यातलं बारीक खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. भरती यायच्या आधी बिळात. भरती सगळी नक्षी पुसते. पुढच्या ओहोटीला पुन्हा नवी. त्याच्याकडे ना पंचांग ना घड्याळ, पण वेळ चुकत नाही. चिखले पक्ष्यांचंही तसंच. त्यांची जेवायची वेळ सुकतीला, मग ती पहाटे असो की दुपारी.

आक्षीत आणखी एक बघण्यासारखी गोष्ट आहे, आणि मराठी शिकवणाऱ्या बाईने ती सोडली तर नवलच! इथे एक शिलालेख आहे. त्यावर शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ हा काळ असल्याचं अभ्यासक मानतात, आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. देवीसाठी धान्याचं दान दिल्याची ती नोंद आहे. अशा दानाच्या दगडांवर वरच्या बाजूला चंद्र आणि सूर्य कोरायची पद्धत होती. त्याचा अर्थ, चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान राहो. आजोबा-पणजोबांच्याही कितीतरी आधी कुणीतरी इथे आपल्या भाषेत लिहिलं. हा दगड अनेक वर्षं रस्त्याच्या कडेला धूळ खात पडलेला होता. आपल्या गावातले असे दगड आपण कधी पाहिलेत का? सिन्नरच्या गोंदेश्वराला सहलीला जाता ना, तिथे जरा दगडांकडेही बघा, नुसत्या डब्याकडे नको.

जेवणाचं लिहिलं नाही तर तुमची पत्रं येतील. तांदळाची भाकरी, सोलकढी आणि भाऊसाठी जिताडा मासा. ताटात पांढरा कांदा होता. लासलगावच्या शेजारची माणसं आम्ही, कांद्याबद्दल आम्हाला कोण शिकवणार? पण अलिबागचा हा कांदा खरंच गोडसर लागतो आणि डोळ्यांना पाणी येत नाही. वेणीसारख्या माळा घालून विकतात. आईने दोन माळा घेतल्या आणि नाशिकला कांदा घेऊन येणारी पहिली बाई असं स्वतःला म्हणवून घेतलं!

हो, संकष्टीच्या रात्रीचं राहिलंच. पहिल्या रात्री आईला चंद्र बघून उपास सोडायचा होता. साडेनऊच्या पुढे आम्ही किनाऱ्यावर गेलो. चंद्र समुद्रातून उगवेल असं भाचीला वाटत होतं. तो उगवला आमच्या पाठीमागून, नारळांच्या वरून. पूर्व तिकडेच ना! आणि समोर समुद्र कुठे? दुपारी पायाशी आलेला, तो आता लांब अंधारात गेलेला, नुसता आवाज. भाची म्हणाली, “आत्या, चंद्र उगवतो तेव्हा सुकती असते का गं?” मी हिशेब करून पाहिला. चतुर्थीला भरती ३ ला, सुकती ९ ला, चंद्रोदय साडेनऊच्या पुढे. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, सुकती सव्वापाचच्या पुढे, चंद्रोदय सहा-साडेसहाला. पोरगी बरोबर बोलली होती! या किनाऱ्यावर चंद्र उगवण्याच्या सुमाराला समुद्र ओसरलेला असतो, आणि चंद्र डोक्यावर येतो तेव्हा भरलेला. घोडागाडीवाल्या काकांना दुसऱ्या दिवशी विचारलं, तर ते हसले. म्हणाले, “त्यात काय? आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं.”

तेव्हा तुम्हीही नाशिकला आपल्या गच्चीवरून, सातपूरहून, पंचवटीतून, सिन्नरहून, चंद्र बघून सांगू शकता की आत्ता या क्षणी आक्षीचा समुद्र पुढे आहे की मागे. आठवडाभर बघा आणि वहीत लिहून ठेवा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडला तर घाबरू नका.

आणि आता कोडं. आधी एक माहिती देते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्य मिळून पाणी ओढतात. तेव्हा भरती खूप वर चढते आणि ओहोटी खूप खाली जाते. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं आडव्या दिशांनी ओढतात. तेव्हा भरती फार चढत नाही आणि ओहोटीही फार उतरत नाही. याला भांग म्हणतात. समजा, अष्टमीच्या दिवशी बरोबर दुपारी १२ वाजता तुम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलात. कुलाबा किल्ल्यात चालत जाता येईल का? नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहून पाठवू नका. का, तेही पोस्टकार्डावर लिहा.